पाळीवरचा बारमाही रस्ता

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ज्या रस्त्याबद्दल लिहायला बसले आहे, तो रस्तासुद्धा मी रागाच्या भरातच करून घेतला होता. शांत डोक्यानं केला असता तर कदाचित बरा झाला असता.

आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या बाजूचं. गावाला लागून जुना तलाव आणि त्याची लांबलचक मातीची पाळ. पाळीच्या एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली धानाच्या बांध्या. बांध्यांच्या अलीकडे, अगदी पाळीच्या पायथ्याशी, आमचा मोहल्ला. आईचं घर तर पाळीला इतकं चिकटून की कोंबड्या छपरावरून एक उडी मारून पाळीवर चरायला जायच्या. माझे वडील गेल्यावर आई एकटी पडली, आणि मला गावच्याच शाळेत बदली मिळाली, म्हणून मी तिच्याजवळ राहायला आले. नवरा आमगावला नोकरीला, तो सुट्टीला यायचा. आमचा जिल्हा वेगळा होऊन तेव्हा सहा-सात वर्षं झाली असतील.

पाळीवरून पायवाट होती, ती सगळ्या गावाची. पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली तिथं धावायची. मग माझ्यासारखी, डॉक्टरांनी साखरेची भीती घातलेली माणसं फिरायला निघायची. त्यांच्यामागून गुरं. मग पलीकडच्या टोल्यावरच्या, म्हणजे लहान वस्तीवरच्या, मुली सायकलींवर शाळेत. दुपारी जाळी खांद्यावर घेतलेले ढिवर, आणि संध्याकाळी पोटात गेलेलं जिरवायला निघालेली मोठ्या आळीतली मंडळी. कोणी कोणाला हटकत नसे. गुरं आली की फिरणारे बाजूला, सायकली आल्या की गुरं बाजूला.

पण हे सगळं आठ महिन्यांचं. पाऊस लागला की पाळीची काळी माती अशी धरायची की पाय वर यायचा आणि चप्पल खाली राहायची. मग चार महिने सगळं गाव डांबरी सडकेवर. तिथून तांदळाचे ट्रक जात. एका श्रावणात माझ्या वर्गातल्या सायकलवाल्या मुलीला अशाच एका ट्रकचा धक्का लागला. जीव वाचला, पण मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसले होते आणि ती मला विचारत होती की मॅडम, माझी हजेरी लागते ना. मला रडू यायला हवं होतं, पण राग आला.

पुढच्या ग्रामसभेत मी पदर खोचून उभी राहिले. बाईमाणूस सभेत बोलतं, आणि तेही पाळीखालच्या मोहल्ल्यातलं, हे मोठ्या आळीतल्या काहींना जड गेलं. मी म्हटलं, पाळीवरचा रस्ता पक्का करा, बारा महिने चालता येईल असा. अर्ज मी लिहिला, सह्या मी गोळा केल्या, तालुक्याच्या कचेरीत इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई मला पाहून आपणहून खुर्ची पुढं करायला लागला. वर्षभरानं काम मंजूर झालं. आई त्या दिवशी मोहल्ल्यात घरोघर सांगत फिरली. ती स्वतः कधी पाळीवर फिरायला गेली नव्हती. तिच्या लेखी पाळ म्हणजे डोक्यावर ओझं घेऊन जायची जागा.

उन्हाळ्यात काम सुरू झालं. आधी वरची काळी माती खरवडून काढली, मग बोल्डर, त्यावर मुरूम, मुरमावर पाणी आणि रोलर. शाळा सुटली की मी तिथं जाऊन उभी राहायची. रोलरवाल्यानं दोन फेऱ्या मारल्या की मी तिसरी मारायला लावायची. पाणी कमी पडलं तर टँकरवाल्याशी भांडायची. मजूर मला पाठीमागं ओव्हरसियरीणबाई म्हणायचे. मला ते कळायचं आणि आवडायचंही. मुरूम असा बसला होता की टाच आपटली तर टाचेलाच लागावं.

सगळं सुरळीत चाललं आणि गाडी अडली ती सांडव्यावर. तलाव भरला की जास्तीचं पाणी जिथून निघून जातं, ती पाळीतली सखल, दगडांनी बांधलेली जागा म्हणजे सांडवा. चांगल्या पावसात तिथून आठ-पंधरा दिवस गुडघाभर पाणी वाहायचं. ओव्हरसियरांनी कागदावर तिथं रपटा काढला होता. म्हणजे रस्ता खाली उतरणार, सिमेंटच्या फरशीवरून जाणार आणि पुन्हा वर चढणार. पाणी आलं की ते फरशीवरून जाईल आणि तेवढे दिवस माणसांनी थांबायचं.

मी हट्टाला पेटले. दर पावसाळ्यात पंधरा दिवस रस्ता बंद राहणार असेल, तर त्या पोरीचं हाड कशाला मोडलं? सांडव्यात सिमेंटचे पाईप टाका, वरून भराव घाला आणि रस्ता सरळ न्या, असं मी म्हटलं. ओव्हरसियरांनी दोनदा समजावलं आणि शेवटी कंटाळून गावाचा ठराव मागितला. ठराव मीच लिहिला, माझ्या अक्षरात. सरपंचांनी सही केली. ते भले गृहस्थ, कोणाशी वाद नको म्हणून समोर येईल त्यावर सही करणारे.

एकच माणूस आडवा आला. ढिवरांमधले सगळ्यांत म्हातारे, माझ्या वडिलांच्या बरोबरीचे. त्यांना आम्ही काकाजी म्हणायचो. ढिवर दर पावसाळ्यात सांडव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूची ताटी उभी करत, म्हणजे पाणी जाई पण तलावात सोडलेली मासोळी वाहून जात नसे. काकाजी काम पाहायला आले, पाईपांच्या तोंडात डोकावले आणि म्हणाले, "बाई, एवढं पानी इथूनच चालते. त्याले तीन तोंडात कायले कोंडून राहिल्या?"

मी त्यांना हिशेब समजावल्यासारखं समजावलं. एवढी लांब ताटी दरवर्षी विणा, उभी करा, सांभाळा, त्यापेक्षा पाईपांच्या तीन तोंडांना तीन लहान ताट्या लावा. पाणी जाईल, मासोळी राहील, तुमची मेहनत वाचेल. त्यांनी पाईपावर बोटानं टकटक करून पाहिलं. मग मान हलवून गेले. ती मान होकाराची होती की नकाराची, हे पाहायला मी थांबलेच नाही. आपण एका दगडात दोन कामं केली, याच आनंदात मी होते.

पहिला पावसाळा बेताचा गेला. पाईपांतून पाणी झुळझुळ गेलं, रस्ता कोरडा राहिला, भर भादव्यात मुली सायकलींवर शाळेत आल्या. मोडलेल्या पायाची ती पोरही एक दिवस काठी टेकत पाळीवर आली आणि सांडव्यापर्यंत चालून दाखवून गेली. लोक येताजाता मला म्हणायचे, मॅडम, काम झालं बरं. मी तोंडानं नाही नाही म्हणायची आणि मनात हारतुरे घालून घ्यायची.

दुसऱ्या वर्षी धानाची रोवणी आटोपली आणि पाऊस बसला. तीन दिवस, तीन रात्री. चौथ्या दिवशी शाळेला सुट्टी दिली आणि मी सकाळी छत्री घेऊन पाळीवर गेले. सांडव्याजवळ पोचले. तलाव माझ्या रस्त्याला टेकायला आला होता. एक हात खाली, जेमतेम. पलीकडे उतरून पाहिलं तर एवढ्या तलावाचं पाणी तीन पाईपांतून नळ गळावा तसं गळत होतं.

काकाजी आणि चार-पाच ढिवर आधीच आले होते. ताट्या कुठल्या कुठं पाण्याखाली गेल्या होत्या. तीन दिवसांत तलावभरचं शेवाळ, कमळाच्या दांड्या, बेशरमीच्या झुडपांच्या फांद्या वाहत आल्या आणि त्या तीन तोंडांवर थरावर थर बसले. पूर्वी ताटी लांब होती, कचरा जागोजाग विखरायचा आणि माणूस उभ्यानं काढू शकायचा. आता तो सगळा तिथंच येत होता, आणि आत उतरेल त्याला पाणी पाईपाच्या तोंडाशी ओढून धरेल अशी गत. काकाजी लांब बांबूला आकडा बांधून ओढत होते. ओंजळभर शेवाळ वर यायचं आणि खाली पुन्हा बसायचं. मला पाहून त्यांनी फक्त बाजूला सरून जागा दिली. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

तासाभरात पाणी आणखी चार बोटं चढलं. गाव पाळीवर जमा झालं. आमच्या घराच्या मागं पाळ जराशी बसकी होती. तिथं पाणी वरून झिरपायला लागलं आणि ओघळ खाली आईच्या परसात जायला लागला. अर्धी माणसं तिकडं धावली, बारदान्यात माती भरून रचायला लागली. पाळ तिथं फुटली तर आमचा मोहल्ला आधी जाणार आणि मग बांध्या, हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. बायका-मुलांना शाळेत हलवायला सुरुवात झाली होती. शाळा उंचावर.

सांडव्यावरचा भराव फोडला तरच पाणी उतरणार होतं. सरपंच मोबाईल वर धरून रेंज शोधत होते. सरकारी काम आहे, विचारल्याशिवाय तोडलं तर उद्या आपल्यावर येईल, असं त्यांचं म्हणणं. मोठ्या आळीतले दोघेतिघे म्हणाले, पाऊस उघडेल, थोडं थांबू, एवढा चांगला रस्ता झाला आहे. माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं, पण सगळे माझ्याच तोंडाची वाट पाहत होते. आणि मी, जी बोलायला लागली की थांबत नाही, ती गप्प उभी. खरं सांगते, त्या घटकेलाही माझ्या मनात आलं की थांबावं. थोडा पाऊस कमी झाला तर रस्ता वाचेल. रस्ता वाचला तर मी वाचेन.

तेवढ्यात शेजारीण खालून धापा टाकत आली. म्हणाली की मोहल्ला सगळा निघाला, पण तुझी आई निघत नाही. खाटेवर बसून आहे. काय म्हणते, मी विचारलं. शेजारणीनं आईचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "म्हनते, मी कायले जाऊ? माह्या लेकीनं बांधलेला हाय तो."

काकाजींनी आकडा खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, रस्ता तुमचा हाय. तुमी म्हनाल तं खंदतो."

"खणा," मी म्हटलं. मग कोणी हलायच्या आधी मीच एकाच्या हातातली कुदळ घेतली आणि रस्त्यावर मारली.

कुदळ टणकन उडाली. मुरमाला पांढरा ओरखडा पडला, बस. पुन्हा मारली, पुन्हा तेच. दोन फेऱ्यांच्या जागी तीन फेऱ्या मारून घेतल्या होत्या मी, पाणी कमी पडू दिलं नव्हतं. आता तोच रस्ता मला जागा देईना. असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं, की आपण केलेलं काम इतकं चांगलं झालं म्हणून मी ढसाढसा रडले. पावसात ते कोणाला दिसलं नाही.

पुरुषमंडळींनी माझ्या हातातून कुदळ काढून घेतली. सब्बली, म्हणजे लोखंडी पहारी, आल्या. काकाजींनी खालच्या अंगानं खणत यायला सांगितलं, पाण्याकडची हातभर भिंत शेवटी ठेवायची, नाहीतर खणणारेच वाहून जातील. चार जण सब्बल मारत, चार जण फावड्यानं ओढत, दमले की दुसरे. मी घमेली उचलत होते. मुरूम वीत वीत सुटत होता आणि पाणी त्याहून लवकर चढत होतं. मधूनच कोणीतरी बसक्या जागेकडून यायचं आणि सांगायचं की बारदान्यांचा दुसरा थर लागला, तिसरा लागला. दर वेळी मी विचारायची, आई निघाली का? दर वेळी नाही.

मी धावत जाऊन तिला ओढून का आणलं नाही, असं पुढं मला नवऱ्यानं विचारलं. आजही नीट सांगता येत नाही. मला वाटत होतं, मी इथून हलले तर खणणारे थांबतील. सरपंच पुन्हा फोन काढतील. ती भीती खरी होती की माझाच गर्व, ते देव जाणे.

शेवटची हातभर भिंत राहिली तेव्हा सगळे वर आले. काकाजींनी कमरेला दोर बांधून घेतला. त्यांच्या वयाला ते शोभत नव्हतं, पण दुसऱ्या कोणाला त्यांनी उतरू दिलं नाही. पाणी कुठून फुटतं ते मले कळते, एवढंच म्हणाले. दोराच्या मागच्या टोकाला आम्ही सात-आठ जण, पहिली मी. त्यांनी सब्बल तीन ठिकाणी खोचली, हलवली आणि हात वर केला. आम्ही ओढलं. ते अर्धे चालत अर्धे फरफटत वर आले आणि त्यांच्या मागं भिंत बसली.

मग पाण्यानं आपलं काम आपण केलं. आधी नाली, मग नाला, मग दोन्ही बाजूंचा भराव मोठ्या ढेपांनी खाली कोसळायला लागला. ज्या मुरमाला आमची कुदळ लागत नव्हती, तो साखरेसारखा विरघळला. तीन पाईप एकामागून एक गडगडत नाल्यात गेले, शेवटच्याच्या तोंडाला ताटी अजून लटकलेली. पाणी जुन्या दगडांवरून, त्याच्या जुन्या वाटेनं, नाल्याकडे निघालं. बसक्या जागेवरून निरोप आला की झिरपणं थांबलं, तेव्हा मी कुठं खाली बसले.

घरी गेले तर आई खाटेवर मांडी घालून बसलेली, खाली घोटाभर गढूळ पाणी. खुराडं रिकामं. कोंबड्या वाहून गेल्या असं मला वाटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, चिखलानं भरलेले हात पाहिले आणि रस्त्याबद्दल काही विचारलं नाही. "चहा ठेवू?" म्हणाली. चूल पाण्यात होती. मी तिच्यावर ओरडले, इतकी ओरडले की शाळेतून परतलेल्या शेजारपाजारच्या बायका जमल्या. दुसऱ्या दिवशी कोंबड्या शाळेतून परत आल्या. कोणी नेल्या, कशा नेल्या, त्या गडबडीत मी विचारलं नाही.

गावानं मला नावं ठेवली नाहीत, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहिले आणि सांगितलं की तो ठराव माझा, पाईप माझे आणि लहान ताट्यांची अक्कलही माझीच. ओव्हरसियर बदलून गेले होते, त्यांचा जुना कागद मी कचेरीतून शोधून आणला. त्यावरचाच रपटा झाला. काकाजींना मी म्हटलं, तुम्ही तेव्हा जोर का नाही धरला? ते म्हणाले, "धरला असता तं तुमी आयकलं असतं का?"

आता रस्ता चांगला आहे. दोन-तीन वर्षांनी वरचा थर उकरून नवा मुरूम घालतात, दोन फेऱ्यांत रोलर आटोपतो आणि मी तिसरी मागत नाही. वर्षातून आठ-पंधरा दिवस रपट्यावरून पाणी जातं. ढिवर आपली लांब ताटी लावतात. तेवढे दिवस मुलींना सडकेवरून जावं लागतं, तेव्हा शाळेतले आम्ही पाळीपाळीनं सडकेच्या वळणावर उभे राहतो. रपट्याच्या अलीकडे आडवा बांबू मी स्वतः बांधते. भरतीवाली नवी मुलं कुरकुरतात, मॅडम, हे वर का नाही उचलत? मी त्यांना उभं करून सगळी हकीकत ऐकवते, मग ती मला टाळायला लागतात.

आईलाही डॉक्टरांनी चालायला सांगितलं, त्याला आता चार वर्षं झाली. तेव्हापासून ती माझ्याबरोबर पाळीवर येते, डोक्यावर ओझं न घेता. गेल्या भादव्यात आम्ही बांबूपर्यंत गेलो. रपट्यावरून वीतभर पाणी चाललं होतं. तिथं उभी असताना ती सहज बोलून गेली, की त्या वर्षीचं पाणी पाहूनच तिनं पहाटे, मी उठायच्या आधी, कोंबड्या पोत्यात भरल्या होत्या आणि मोहल्ला निघाला तेव्हा शेजारणीच्या हाती शाळेत धाडल्या होत्या.

मला ते समजायला एक क्षण लागला. म्हणजे तिला कळलं होतं. माझा रस्ता टिकणार नाही, पाळ जाईल, हे तिला माझ्याही आधी कळलं होतं.

"मग तू काऊन नाही गेली?" मी विचारलं. रागात मी अजून आमच्याच बोलीत बोलते.

तिनं पाण्याकडे पाहतच सांगितलं, "मी निघाली असती तं गाव म्हनलं असतं, तिच्या मायलेच तिचा भरोसा नाही."

पुढं पाणी होतं, त्यामुळं आम्हाला तिथूनच परत फिरावं लागलं. घर येईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही.